नंबर शेवटून वाचायचा

प्रिय आई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. सावकाश वाच, आणि धाकट्या गोपालला दाखवू नकोस. कपाशीच्या बीज प्लॉटवर तुला सुपरवायझर करायचं प्लॉटचे मालक वामनराव म्हणाले आणि तू ‘मी चौथी शिकलेली, मले कागदाचं काम जमत नाही’ म्हणून मोकळी झालीस, हे गोपालनेच कळवलं. रविवारपर्यंत तुला पुन्हा विचार करायला सांगितलंय म्हणे.

मला आधी राग आला, मग हसू. गेल्या महिन्यात शेगावला दर्शनाला आलीस आणि दुपारभर माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये बसलीस, ते विसरलीस का? एका मोठ्या लिनक्स कॉम्प्युटरच्या पोटात मी नुसत्या आज्ञा लिहून चार खोटे कॉम्प्युटर बनवले होते, हाताला न लागणारे, पण खऱ्यासारखे चालणारे. प्रत्येकाला नेटवर्कचं कार्ड द्यायचं, तेही तसंच खोटं, आणि प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर. जे हाताला लागत नाही त्याला नंबर कशाला, म्हणालीस. पण त्यातल्या दोघांचं जमेना. एक नेटवर्कवर आला की दुसरा तुटायचा. तीन दिवस मी सेटिंग उलटंपालटं करत होते. दुसऱ्या दिवशी पोरांची परीक्षा त्यावरच होती, आणि ती बिघडली असती तर लॅब माझ्याकडे राहिली नसती.

चारही नंबर मी कागदावर उतरवले होते. तू कागद ओढलास, बोट शेवटच्या अक्षरावर ठेवलंस आणि उलटं वाचत आलीस. ‘हे दोन एकच काऊन हायेत वं?’ एक कॉम्प्युटर बनवून मी त्याची नक्कल केली होती, कार्डाच्या नंबरासकट. सगळ्या नंबरांची सुरुवात सारखीच असते, म्हणून माझी नजर दर वेळी घसरायची. तुझी कशी घसरेल? आपली कपाशी दोन वर्षं हाती लागली नाही, तेव्हापासून तू बीटी कपाशीच्या बीज प्लॉटवर फुलं क्रॉस करतेस, एका फुलाचे पराग हाताने दुसऱ्याला लावतेस. एका साली एकाच नंबरचा टॅग लागलेल्या बियाण्याच्या दोन थैल्या निघाल्या, कंपनीच्या माणसाने दोन्ही नाकारल्या आणि त्यातली एक तुझी होती. त्या दिवसापासून तू प्रत्येक टॅग शेवटून वाचतेस. मी नंबर बदलला आणि चारही कॉम्प्युटर गुमान चालायला लागले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तेवढ्यात आमचे सर आले, चूक कोणाला सापडली म्हणाले, आणि मी सांगितलं, मला. तू शेजारीच होतीस. पिशवी उचललीस आणि बसची वेळ झाली म्हणालीस. पुढच्याच आठवड्यात वामनरावांना नाही म्हणालीस. त्याचं कारण मीच आहे असं वाटतं, आणि मला लाज वाटते. काल सरांना आणि पोरांना खरं सांगितलं. लॅबच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, कार्डाचा नंबर शेवटून वाचावा, आणि खाली तुझं नाव, कौशल्याबाई, साखरखेर्डा. पोरं आजपासून तसंच वाचतात. मला तुझा फार अभिमान आहे, आई. रविवारी वामनरावांकडे जा आणि हो म्हणून ये.

तुझीच, तुझ्याकडून वाचायला शिकलेली,
डिंपल