ज्येष्ठमधाचा वास

१२ जानेवारी २०२५, रविवार

अमोलच्या स्कूटरच्या डिकीत डबी सापडली. खोकल्यासाठी चघळायच्या आयुर्वेदिक गोळ्या - ज्येष्ठमध, लवंग, पुदिना. अर्धी संपलेली. पुसायच्या फडक्याखाली.

घसा दुखत असेल तर माणूस डबी घरात ठेवतो. डिकीत कशाला?

रविवार होताच. बाल्कनीत उन्हात खुर्ची टाकली, मोबाइलचा टॉर्च लावला, अमोलने आ केला. तीन बोटं उभी आत गेली. गाल आतून पाहिले, जिभेखाली पाहिलं. काही नाही. त्याच्या चुलतभावाचा, जयवंताचा, कॅन्सरमुळे अर्धा जबडा काढावा लागला तेव्हा अमोलने सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला. तेव्हापासून दर रविवारी मी त्याचं तोंड बघते. जयवंताच्या तोंडात आता एक बोटही जात नाही. चमच्याने पेज.

"डबी कशाला?"

"घसा धरला वं."

"मग डिकीत?"

"दुकानात लागते म्हणून. तुले सगळ्यात खर्राच दिसून राहिला."

दिसतोच. खर्र्याचा वास जावा म्हणून माणसं लवंग चघळतात. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो तेच करत होता आणि मी, एम. ए. झालेली बाई, त्याला लवंगेची आवड आहे असं समजत होते.

खोकला मलाही आहे. त्याच्याच डबीतल्या दोन गोळ्या घेतल्या. बरं वाटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. संध्याकाळी शेजारणी हळदीकुंकवाला आल्या. तिळगूळ देताना "गोड बोला" म्हणायला गेले आणि मधेच आवाज तुटला. नुसती हवा. सगळ्या हसल्या. समोरची वैभवी म्हणाली, "मॅडम, कॉलेजच्या पोरांवर ओरडणं कमी करा जी. घरी नवऱ्यासाठीही ठेवा थोडं."

मीही हसले. बारावीचा इतिहास फेब्रुवारीच्या आत संपवायचा तर आवाज बसणारच. सासूबाईंनी हळदीचं दूध दिलं. जेमतेम अर्धं गेलं.

१९ जानेवारी, रविवार

अमोलच्या डाव्या गालात, मागच्या दाढेजवळ, पांढरट चट्टा. शेंगदाण्याएवढा. टॉर्च आणखी जवळ नेला.

"काय दिसलं?" तो.

"तूच सांग काय दिसेल."

मग व्हायचं ते झालं. मी बोलत सुटले. तो आईची शपथ घेत होता, आणि आई तिथेच शेंगा सोलत बसलेली. शेवटी त्या म्हणाल्या, "काहून वं उत्तरा, त्याच्या मागं लागून राहिली? नाही म्हणते ना तो. तुझाच आवाज ऐक, फाटक्या कागदासारखा झाला."

मी स्वयंपाकघरात गेले. तोंडात गोळी टाकली.

२० जानेवारी

आज जे केलं ते करायला नको होतं. कॉलेजातून येताना चौकातल्या पानठेल्यावर गेले. रामाजी मला ओळखतात. पन्नीत सुपारी-तंबाखू घोटत होते, हात थांबला.

"वहिनी, तुम्ही?"

"अमोल येतात का इथे?"

"येते ना. चहा घेते बाजूले, बसते. खर्रा नाही घेत. मी एकदा मजाकमध्ये पुढं केला, तर उठून गेला. दोन दिवस बोलला नाही मले."

"खरं सांगताय?"

"खोटं बोलून मले काय भेटते? माझं तर गिऱ्हाईक गेलं, वहिनी."

बाजूची दोन पोरं हसली. उद्या हे अमोलच्या कानावर जाणार. रामाजींवर विश्वास ठेवायला हवा होता. ठेवला नाही. धंद्याची माणसं एकमेकांना सांभाळतात, असं मनाशी म्हणत घरी आले. मला खात्री नको होती. मला तो सापडायला हवा होता. असं का?

२७ जानेवारी

आता माझ्याही पर्समध्ये एक डबी. एक स्टाफरूमच्या टेबलात. तोंडात असते तोवर घसा निवतो. विरघळली की पुन्हा तेच.

२ फेब्रुवारी, रविवार

चट्टा तेवढाच. कमी नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की अमोल दुकानाचा हिशोब काढतो.

मावसभावाने काटोलहून संत्र्यांची पेटी पाठवली. सासूबाई म्हणाल्या, "घे ना, गोड आहे." एक फोड घेतली आणि घशापासून कानापर्यंत चरचरलं. उरलेली अमोलच्या ताटात ठेवली. पोळीही एकच गेली. त्याची काळजी वाटते तेव्हा माझं जेवण असंच कमी होतं. ब्लाउज सैल झालेत. एरवी आनंद झाला असता.

८ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना तो एकदम म्हणाला, "जयवंतासारखं निघालं तर?"

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"मी खाल्ला नाही वं. पण आधी तर खाल्ला ना. ते काय मोजत नसेल?"

गोळ्या फडक्याखाली का ठेवायचा तेही सांगितलं. घसा थोडा खवखवला तरी मी संशय घेणार, म्हणून. घसा केव्हाच बरा झालाय. डबी मीच संपवली.

गुरुवारची वेळ घेतली. रामदासपेठेत, कान-नाक-घशाचे डॉक्टर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायला बसले आहे, पण कुठून सुरुवात करावी कळत नाही. क्रमाने लिहिते.

डॉक्टर म्हणजे आमच्याच वयाची बाई, शांत. अमोलचं सगळं मीच सांगितलं - खर्रा कधी सुरू झाला, कधी सोडला, चट्टा कधी दिसला. बोलताना तीन वेळा थांबून पाणी प्यावं लागलं. त्यांनी अमोलचा गाल पाहिला, दाढेवरून बोट फिरवलं.

"दाढेचा तुकडा निघालाय. धार लागून गाल घासला जातोय. दंतवैद्याकडून धार काढून घ्या, चट्टा जाईल. नाही गेला तर बघू. तोंड चांगलं उघडतंय. खर्रा सोडलात ते चांगलं केलंत."

अमोलने डोळे मिटले. मी पर्स उचलली.

"थांबा," त्या मला म्हणाल्या. "तुमचा आवाज कधीपासून असा आहे?"

"थंडीपासून. वर्ग घेते ना."

"नाही डॉक्टर," अमोल म्हणाला. "नवरात्रापासून. आरतीत हिचा आवाज नव्हता."

नवरात्र! त्याला माहीत होतं.

"मग तू बोलला का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "मले वाटलं, माझ्यावर ओरडू ओरडू बसला."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. नाकातून बारीक नळी आत घातली. समोरच्या पडद्यावर माझा घसा. मी तो कधी पाहिला नव्हता. अमोलचं तोंड मला पाठ आहे.

"गोळ्या किती दिवस चघळताय?"

"बरेच."

"त्याने आराम पडत होता ना, म्हणून आला नाहीत." विचारत नव्हत्या. सांगत होत्या.

१७ फेब्रुवारी

स्वरयंत्रावरच्या गाठीचा तुकडा काढला. भूल उतरल्यावर सासूबाई उशाशी होत्या. "हिनं तर सुपारीचं खांडही तोंडात नाही घातलं कधी," असं प्रत्येक नर्सला सांगत होत्या, जणू नर्सच निकाल देणार.

आमच्याकडे घशाचं दुखणं म्हणजे खर्र्याचं. जो खातो त्याचं. न खाणाऱ्याचा खोकला नुसता खोकला. मी इतकी वर्षं पोरांना कारणं शिकवते - युद्धांची, दुष्काळांची. आणि घरात असं समजून बसले.

२० फेब्रुवारी

बोलायला मनाई आहे. घर फार शांत झालंय. अमोल सारखा बोलतो - दुकान, दाढ, पाणी आलं का. तो एवढं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी तो जेवत होता. भराभर, घास न चावता. आणि माझ्या मनात आलं: खाल्लं याने, आणि मला! हे याच्या वाट्याचं होतं.

असा विचार मी केला. एका क्षणापुरता नाही, त्याचं ताट संपेपर्यंत केला. इथे लिहिते, कारण दुसरीकडे सांगता येणार नाही.

मग त्याने ताट धुतलं, माझ्यासाठी मऊ भात कालवला, आधी स्वतः चाखून बघितला गरम आहे का.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला. तोच आहे.

डॉक्टर म्हणाल्या, लवकर आला असतात तर किरणांनी शेकून भागलं असतं. आता गाठ खोल आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. बोलण्याचे दुसरे मार्ग आहेत, शिकवतात. जीव वाचायची आशा चांगली आहे. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन.

अमोलने सही केली. बाहेर आल्यावर, "आलोच," म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. बऱ्याच वेळाने आला. येताना तोंडात गोळी होती.

१ मार्च

पर्समधली डबी कचऱ्यात टाकली. मग काढून पुन्हा ठेवली. दुसरं काही निवत नाही.

२ मार्च, रविवार

उद्या भरती व्हायचंय. मी तपासणीचं नाव काढलं नव्हतं. अमोलनेच बाल्कनीत खुर्ची मांडली, उन्हात बसला, माझ्या हातात मोबाइल दिला आणि आ केला.

ज्येष्ठमध. लवंग. आणि त्यांच्या खाली तो वास. धार काढलेल्या दाढेमागे सुपारीचा लाल कण.

डोळे मिटलेले होते त्याचे.

टॉर्च बंद केला. जेवढा आवाज निघत होता तेवढ्या आवाजात म्हणाले, "साफ आहे."