पहिली टोपली

मंगळवार, ७ मे १९७४

आलो. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "धुवायचं तेवढं काढ, बाकी राहू दे." पिशवी तिनेच दारामागच्या खिळ्याला टांगली. बाकी सगळं तसंच — तळ्याचा वास, पिवळ्या भिंती, गोदीचा भोंगा. भोंगा झाला की अख्खी आरमारी वसाहत चुलीवर चहा ठेवते. फ्रेंच गेले, भोंगा राहिला.

शेजारच्या हलूमा मावशीने निरोप धाडला म्हणून आलो. घर गोदीचं. बाबा गोदीच्या दारावरून पाण्यात पडले, सापडले नाहीत, म्हणून आईला विधवेच्या हक्काने राहू दिलेलं. पण मुलगा एकवीसचा झाला की त्याने बापाच्या जागेवर लागायचं, नाहीतर चावी परत. मी एकवीसचा झालो तेव्हा दक्षिणेत स्फाक्सला, समुद्रातले स्पंज काढणाऱ्यांच्या बोटीवर होतो. माझ्या लक्षात नव्हतं. गोदीच्या कारकुनाच्या होतं! महिनाअखेरपर्यंत मुदत.

गुरुवार, ९ मे

कामावर नाव नोंदवायला गोदीच्या फाटकावर निघालो, पोचलो नाही. वाटेत हमादीकाका. पंपघराचा मुकादम, बाबांचा दोस्त. म्हणाला, "आलास का रे शादली? बूड टेकतंय का कुठे? बापावर गेलायस."

मग त्यानेच मला भिंतीवर बसवलं आणि एकेक घर दाखवत सुटला. या माणसाला वसाहतीचा इतिहास माशांवरून आठवतो. खरंच. सुक्या गोदीत जहाज घेतलं, दार लावलं, पंपाने पाणी उपसलं की तळाशी मासे तडफडत राहतात. ते पंपघरवाल्यांचे. पण पहिली टोपली जाते ज्या घरचा माणूस गोदीने नेला त्या घरी. उंबऱ्यावर ठेवायची, बोलायचं नाही. बाई मासे ठेवून घेते आणि टोपलीत भट्टीची रोटी घालून परत देते. मग बाकीच्या गल्लीला वाटप. "हे माल्टावाल्याचं घर, दोन वर्षं टोपली. ते कोपऱ्यावरचं, पंपवाल्या सालहचं, चार वर्षं." आमच्या घरी गेली नऊ वर्षं.

"आणि ते निळ्या खिडक्यांचं?"

"कार्मेलाचं. सिसिलीवाली. पोरगा बुडाला म्हणून टोपली नेली, तर बाईने माशांसकट परत केली. माशांसकट परत म्हणजे काय, कळतं ना? आमच्याकडे कुणी मेलेलं नाही. सगळे म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. तिसऱ्या दिवशी पोरगा हजर, राजधानीतून, तुनिसहून, डोक्यावर नवी टोपी."

"तिला कसं कळलं?"

काका उठला. म्हणाला पंप बघायचाय. पंप तर बंद होता.

शुक्रवार, १० मे

आजही फाटकावर गेलो नाही. मच्छीबाजारात एक माणूस घुबड विकत होता, तिथेच दुपार झाली.

रविवार, १२ मे

आई विचारत बसते. जेवताना, कपडे वाळत घालताना. सिसिलीत त्रापानीला उतरलं की समोर काय दिसतं? बोटीवर बायका असतात का? उलटी होते तेव्हा काय खायचं? मी सांगतो, ती हरिसाच्या लाल तिखट चटणीत बोट बुडवून चाटते आणि पुढचं विचारते. मला वाटलं, माझी काळजी. खाडीच्या पलीकडे ती कधी गेलेलीच नाही. वसाहतीतून दिसतं ते तळं. खरा समुद्र बिझर्त बंदराच्या पुढे.

हलूमा मावशी कुंपणावरून म्हणाली, "मन्नूबिया, पोराला भूगोल विचारतेस की बायको बघायला सांगतेस?"

आई म्हणाली, "बायको आणली तर तीच घर राखील, मी सुटेन." दोघी हसल्या.

मंगळवार, १४ मे

काम मिळालं — गोदीत नाही, बोटीवर! शनिवारी धक्क्यावरून सुटते. मिठाची पोती घेऊन त्रापानी. आईला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे असं म्हणायचं, की तू चावी दे आणि राफराफ गावी तुझ्या बहिणीकडे जाऊन तिच्या सुनांच्या हाताखाली राहा. पिशवीत हळूच स्वेटर कोंबला. वर बघतो तर आई. पुढे येऊन स्वेटर काढला, नीट घडी घालून परत ठेवला.

गुरुवार, १६ मे

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येणार.

आज गोदी उपसली. मीही खाली उतरलो काकाबरोबर, गुडघाभर चिखलात. जहाजाचं पोट डोक्यावर, आणि खाली चांदीसारखे बोई मासे उड्या मारतायत. दोन वेळा आपटलो. अर्धा दिवस कुठे जायचं आहे हेच विसरलो होतो.

मग पहिली टोपली. काका पुढे, आम्ही मागे, गल्लीतल्या बायका दारांत. कारकूनसुद्धा आपलं भांडं घेऊन उभा. काकाने टोपली आमच्या उंबऱ्यावर ठेवली.

आई बाहेर आली. डोक्यावरून सफसारी, बाहेर जाताना पांघरायची पांढरी चादर, जणू कुठे निघाली आहे. टोपली उचलली आणि तशीच, माशांसकट, काकाच्या हातात दिली.

एक मासा टोपलीत फडफडत होता, तेवढाच आवाज.

काका हळू म्हणाला, "मन्नूबिया, आत ने. वेड्यासारखं करू नकोस."

"नऊ वर्षं नेली. आता पुरे. याचा बाप, लमीन, पाण्यात पडला नाही, पडावात बसला. वल्ही तुझ्याच हातात होती, हमादी."

"अगं, पोराचा तरी विचार कर. घर जाईल."

"त्याचाच करतेय. मेलेल्याच्या जागेवर पोराला बसवायचं, तर माणूस मेलेला तरी असावा." मग माझ्याकडे वळून, भाजी आणायला सांगावं तशी — "तुझी बोट शनिवारी आहे ना? जा." मी तर तिला सांगितलंच नव्हतं.

मला वाटलं गल्ली आता तोंडात बोट घालेल. कुणीच घातलं नाही. हलूमा मावशी पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. कारकून भांड्यात बघत होता. सगळ्यांना माहीत होतं! सगळ्यांना. मी सोडून.

शुक्रवार, १७ मे

काकाकडे गेलो. शिव्या ठरवून गेलो होतो. तो जाळं शिवत बसलेला.

"बोल, शादली. मीच नेला त्याला, खाडीत उभ्या मालबोटीपर्यंत. ऐकेचना. म्हणाला, इथे राहिलो तर गोदीच्या दारावरून खरंच उडी मारीन. परत येऊन मीच ओरडलो, पडला म्हणून. पळालेल्याच्या बायकोला घर मिळत नाही, बुडालेल्याच्या बायकोला मिळतं."

"आईने सांगितलं तुला ओरडायला?"

"ती? तिने नंतर आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. म्हणाली, तू मला विचारायचं होतंस. लोकांदेखत विधवा केलंस, आता मी इथून हलू कशी?"

शिव्या दिल्याच नाहीत. जाळ्याचं एक टोक धरून बसलो.

शनिवार, १८ मे

धक्क्यावर गेलो, पिशवी खांद्याला. बाबा ज्या पायरीवरून पडावात उतरले ती काकाने काल दाखवली होती. तीच पायरी. पाय ठेवला, काढला. बोटीचा तांडेल वैतागला, "येतोस की फोटो काढू?" इतकी वर्षं कुणी थांब म्हटलं की पाय शिवशिवायचे. आज जा म्हणणारी आई, आणि पाय दगड. शिवाय वाटलं, पंपघराच्या तळाशी झडपेचं चाक फिरवायचा खड्डा आहे म्हणतात, तो अजून पाहिलाच नाही. बोट गेली. मी घुबडवाल्याला शोधत बाजारात.

पिशवी पुन्हा खिळ्याला. आईने पट्टा ओढून पाहिला, शिवण पक्की आहे का.

सोमवार, २० मे

फाटकातून आत गेलो. शेवटी! काकाने शब्द टाकला, बाबांच्या जागेवर नाही, नवा गडी म्हणून, पंपघरात. गडी घेतला की त्याला घर, आणि घर हेच.

कारकुनाने नाव लिहिलं. "वडील?"

म्हटलं, "आहेत."

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "त्या दिवशी गल्लीत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. कान पंपाने गेलेत माझे." हा माणूस आयुष्यात पंपाजवळ गेलेला नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. थांबली. "राहणार? नक्की? घर राखशील?" तीनदा विचारलं. मग खूप वेळ हसत होती. एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

मंगळवार, २१ मे

पहिला दिवस संपवून आलो. दार बंद. चावी हलूमा मावशीकडे. आई सकाळच्या बसने बिझर्तला गेली, तिथून पुढे कुठे ते सांगितलं नाही.

"बाबांना शोधायला?" मी विचारलं.

"त्या गाढवाला कोण शोधतंय?" मावशी म्हणाली. "समुद्र बघायला."

पिशवीचा खिळा रिकामा आहे. माझा स्वेटर तेवढा घडी घालून ठेवलाय.