बिनक्लचची गाडी

आई, आपली जुनी पांढरी गाडी आता क्लचशिवाय चालते. खाली दोनच पेडल उरलेत आणि दोन्ही उजव्या पायाचे. डाव्या पायाला काही कामच नाही. हे तुला सांगावं असं चार दिवस मनात आहे, म्हणून आज दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो.

माझा डावा गुडघा गेला, तिथून हे सुरू झालं. इतकी वर्षं गाड्यांपाशी उकिडवं बसून त्याचं ऑपरेशन करायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, चालाल-फिराल, पण क्लच दाबत बसू नका. तुझी सून म्हणाली, "विकून टाका ना आता. नवीन ऑटोमॅटिक घेऊ. दोनदा पासिंग झालंय हिचं, अजून किती ओढणार?" तिचं खरं होतं. पण बाबांनी घेतलेली गाडी दुसऱ्याच्या दारात उभी बघवली नसती. तळोज्याच्या भंगारात त्याच कंपनीची, आपल्या गाडीपेक्षा दहा-बारा वर्षांनी नवी अशी एक ऑटोमॅटिक सापडली. मागून ठोकलेली, पुढचं सगळं शाबूत, इंजिन जवळपास आपल्यासारखंच. आरटीओत अर्ज केला आणि परवानगीचा कागद हातात आल्यावर तिचा गिअरबॉक्स उतरवून आणला.

गिअरबॉक्स जॅकवर चढवत होतो तेव्हा तुझी पिठाची गिरणी आठवली. सुकापूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत तू उंच स्टुलावर बसलेली, पोलिओने बारीक झालेला डावा पाय खाली लोंबतोय, भुवया पिठाने पांढऱ्या. बायका रांगेत बोलतायत आणि तुझं लक्ष त्यांच्या बोलण्यात नाही, दगडाच्या आवाजात आहे. मधेच तू हात वर करतेस, पट्टा थांबवतेस. "दगड घासलाय. टाकी लावून खाचा पाडाया पायजे," म्हणतेस, आणि दगड उघडला की तुझंच खरं निघतं. मशीन कानाने ओळखायचं हे मी तुझ्याकडून शिकलो. गॅरेज उघडलं तेव्हा पान्यांचा पहिला सेट तूच पनवेलच्या बाजारातून घेऊन आलीस, रिक्षाने, मांडीवर ठेवून. त्यातला एक पाना मी पावसात बाहेर विसरलो होतो. तू तो पुसून माझ्या पुढ्यात ठेवलास आणि म्हणालीस, "आपल्या हत्याराला गंज चढला का गिऱ्हाईक काय बघंल?" त्यानंतर कधी विसरलो नाही.

बाबांची नजर कमी झाली आणि गाडीची चावी माझ्याकडे आली. त्याच महिन्यात एकदा तू जेवण घेऊन गॅरेजवर आलीस. मी जेवत होतो, तू गाडीच्या उघड्या दारातून आत बघत होतीस.

"मना शिकव रं चालवायला. उरणला भनीकडं जायाचा झाला तर कोनाला सांगाया नको."

मी हसलो नाही, एवढं मला आठवतं. म्हटलं, "क्लचला डावा पाय लागतो, आई."

"बिनक्लचची नाय का येत?"

"येते. पण ती वेगळी. ह्या गाडीत ते बसत नाही."

"बसत नाय, का तू बसवत नाय?" एवढंच म्हणालीस, डबा उचललास आणि पाय ओढत निघून गेलीस. पुन्हा कधी विषय काढला नाहीस. उरणची मावशी आजारी पडली तेव्हा तू चार-पाच दिवस माझ्या सवडीची वाट बघितलीस. एसटी तुला झेपायची नाही. रोज सकाळी विचारायचीस, आज हाय का रं येल? मी म्हणायचो, उद्या. रविवारी पोचलो तेव्हा मावशी कुणाला ओळखत नव्हती. तू तिचा हात धरून बसलीस.

गिअरबॉक्स बसला, गाडी चालू झाली, पण एकाच गिअरमध्ये अडकली. दोन दिवस डोकं लावलं. शेवटी मोहल्ल्यातल्या माझ्या वायरमनला बोलावलं. ईदला शीरखुर्मा घेऊन यायचा आणि तू त्याचा डबा कधी रिकामा पाठवायची नाहीस, तोच. आता त्याची दाढी पिकलीय. वायरी बघून म्हणाला, "भाई, गिअरबॉक्स नवीन लावलास आणि इंजिनचा कॉम्प्युटर जुनाच ठेवलास. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला हे गिअरबॉक्सला सांगणार कोण? भंगारातल्या गाडीचा कॉम्प्युटर आण, वायरिंगसकट." ते आणलं, आठवडाभर दोघं वायरी जुळवत बसलो. मग मी गल्लीतून एक फेरी मारली. पहिला, दुसरा, तिसरा, गिअर आपोआप पडत गेले, धक्का नाही.

चहा पिताना तो सहज म्हणाला, "असं काम मी एकदा केलंय. कामोठ्याच्या एका माणसाचं. त्याचा पाय अधू होता. तेव्हा तर वायरी पण कमी होत्या, चार दिवसांत झालं."

"कधी?"

"तुझं गॅरेज नवीन होतं तेव्हा. अम्मी होती तुझी."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," तो म्हणाला आणि दुसऱ्या गोष्टीवर बोलायला लागला. त्याला काय माहीत. माझा चहा तसाच राहिला.

परवा एकटाच उरणला जाऊन आलो. कंटेनरच्या ट्रेलरमागे सारखं थांबायचं, पुन्हा निघायचं. दरवेळी माझा डावा पाय सवयीने खाली दाबला जायचा आणि तिथे काहीच नसायचं. तुला ही सवय मोडावी लागली नसती. मावशीच्या सुनेने कोळंबीचं कालवण केलं होतं. म्हणाली, "भावोजी, आज एकटेच कसे आलात?" मी म्हटलं, गाडी बघायला काढली होती.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहून टाकतो. गाडीत ते बसत नाही असं मी तुला सांगितलं तेव्हा मला ठाऊक काहीच नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. आणि विचारलं नाही, कारण उरणला जायचं झालं की तू माझ्याकडे यायचीस, येल हाय का रं म्हणायचीस, ते मला आवडायचं.