सईसाठी घेतलेलं जुनं कार्ड

९ नोव्हें., रवि.
सईचा फोन. कॉलेज कसं चाललंय? "बरं." जेवलीस? "हो." संपलं. पुण्याला गेल्यापासून लेक फोनवर एवढंच बोलते. आम्ही दोघं मिळून खेळायचो त्या गेममध्ये मात्र झाडं तोडता तोडता तासभर बडबड, प्राध्यापकांच्या नकला. पावसाळ्यात माझं ग्राफिक्स कार्ड मेलं (डहाणूची खारी हवा, दुसरं काय) आणि तेही बंद. आज म्हणते, "तो गेम मी सोडला, बाबा. होस्टेलच्या मुली नवीन खेळतात, मीपण तोच. तुमच्या मशीनवर नाही चालायचा."
नाही चालायचा म्हणजे काय!

१३ नोव्हें., गुरु.
शाळा सुटल्यावर तलासरीतच जिग्नेशभाईच्या दुकानात. जुने कॉम्प्युटर विकतो. त्याने कार्ड काढलं आणि मी आ वासला. तीन पंखे, विटेएवढं जड. एके काळी याचे नुसते फोटो बघायचो. "सर, आ तो राजा छे. आजपण कोणाला ऐकत नाय." शर्यतीचा एक जुना गेम लावून दाखवला. गाड्या काय पळतात! घेतलंच.

१५ नोव्हें., शनि.
लावलं. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. काढून बघतो तर खालच्या सोनेरी पट्टीवर हळदकुंकू! आई म्हणाली, "नवीन वस्तू तशीच लावतात का रे? ते सोनेरी तोंड दिसलं, तिथं वाहिलं." बायको, वनिता, हसून हसून बेजार, मला रडू येत होतं. खोडरबराने पट्टी घासली. चित्र आलं! कार्ड एवढं मोठं की कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण बसत नाही. राहू दे उघडं.

१६ नोव्हें., रवि.
सईचा तो नवीन गेम उतरवून घेतला. सुरू केला तर एक चौकट: हे कार्ड चालणार नाही. हळू चालेल, खराब दिसेल, असं काही नाही. मुळातच नाही. विश्वास बसेना, परत परत दाबलं. नेटवर वाचलं: उजेड-सावल्यांचं काम करणारा भागच या पिढीच्या कार्डात नाही, आणि या गेमला तो लागतोच. एवढा राजा, दारातच अडवला. विकत घ्यायच्या आधी हे वाचायला काय झालं होतं? मी पंख्यांवर भाळलो.
सईला सांगितलं नाही.

१९ नोव्हें., बुध.
अर्धी रजा टाकली. जिग्नेशभाईला परत द्यायच्या आधी कार्ड एकदा नीट ताणून बघावं म्हणून आमचा जुना गेम उघडला. सगळी सेटिंग्ज कमाल वर ठेवली, तरी अडखळत नाही. कौतुक करायला तोंड उघडलं आणि मित्रांच्या यादीत सईचं नाव दिसलं. हिरवं, म्हणजे खेळतेय. आत्ता, भर दुपारी, कॉलेजच्या वेळेत.
आमच्या जगात शिरलो. मोकळं रान होतं तिथे गाव उभं आहे. घरं, विहीर, चिकूची वाडी वाटावी अशी झाडांची रांग. कित्येक महिन्यांचं काम. दुसरं कोणी नाही, ती एकटी. मग त्या होस्टेलच्या मुली? तो नवीन गेम?
लांबूनच फोन लावला. स्क्रीनवरची सई जागच्या जागी थांबली. कानात हळू आवाज, "बाबा, क्लासमध्ये आहे. नंतर करते."
"बरं," म्हणालो.
फोन ठेवल्यावर ती वळली. मी दिसलो. तेव्हापासून तशीच उभी आहे, माझ्याकडे तोंड करून. निघूनही जात नाही.
गेममधल्या चॅटच्या चौकटीत 'सई' एवढंच टाइप केलंय. पुढे काय लिहू कळत नाही, म्हणून हे इथे लिहितोय.