आजोबांच्या राक्षसाची डरकाळी

मी, सौ. निशिगंधा गुरुप्रसाद पालशेतकर, वय २७, शिक्षण आठवी पास, राहणार दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी बळजबरी केलेली नाय. भीती मात्र वाटते, ती लपवत नाय. परवा मंगळवारी माझं सीझर आहे. सानवीच्या वेळी रक्त फार गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, या वेळी सगळी तयारी आहे. असेल. पण मी नसले तर माझ्या वस्तूंवरून घरात बोलाचाली नको, म्हणून हे मृत्युपत्र.

१) मंगळसूत्र, दोन बांगड्या आणि बँकेत माझ्या नावावर असेल ते सानवीला आणि येणाऱ्या बाळाला निम्मं निम्मं.

२) शिलाई मशीन मोठ्या जाऊबाई नम्रता यांना. माझ्या पहिल्या गणपतीत त्या म्हणाल्या होत्या, "सुनेनं असं गुरासारखं ओरडायचं असतं काय?" ते मी विसरलेली नाय. पण त्यांची टीप माझ्यापेक्षा सरळ येते, म्हणून मशीन त्यांनाच. माझी पुरणाची चाळण तीन वर्षं त्यांच्याकडे आहे, ती मात्र परत करावी.

३) अबोली रंगाची साडी आमच्या वाडीच्या आशा सेविका सगुणाताईंना द्यायची होती. पण त्या साक्षीदार आहेत आणि म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही द्यायचं नसतं. जिवंतपणी हाताने दिलं तर चालतं, ते मग या कागदात येत नाय. म्हणून साडी आत्ताच दिली. हे कलम रद्द.

४) आता मुख्य वस्तू. माझी डरकाळी.

माझे आजेसासरे आत्माराम खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. साठ वर्षांपूर्वी मुंबईची एक पिक्चर कंपनी दाभोळला आली. त्यांना पाण्याखाली बराच वेळ राहणारा माणूस हवा होता, म्हणून आजोबा राक्षस झाले. अंगाला टायरच्या ट्यूबचे तुकडे, डोक्यावर काथ्या, डोळ्यांना करवंट्या. काळापांढरा पिक्चर. राक्षसाच्या मनगटावर घड्याळ दिसतं. नायिका बेशुद्ध पडते, तर तिला उचलायच्या आधी राक्षस तिचा पदर नीट करतो. शेवटी गोळी लागून बुडतो, आणि मेल्यावर वायच थांबून पाण्यातून डोकं वर काढतो आणि विचारतो, "झालं का?" ओठांवरून कळतं. कंपनीने तेही तसंच ठेवलं.

पिक्चर दीपकभावोजींच्या पेनड्राइव्हवर आहे, पण त्यातला आवाज गेलाय. म्हणून दर वर्षी गौरी जेवल्या की पडवीत चादर बांधून आम्ही बघतो आणि आवाज घरातली माणसं काढतात. दीपकभावोजी नायिका. सासूबाई बंदूक. राक्षस आजोबा स्वतःच करायचे. ते गेले त्या वर्षी मी नवीन सून. राक्षस चादरीवर नुसता तोंड उघडून उभा, आणि कोणाच्या तोंडून आवाज फुटेना. मला राहवलं नाय. पदर खोचला आणि डरकाळी फोडली. शेजारचा कुत्रा पळाला. सासूबाई तोवर माझ्याशी धड बोलत नव्हत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अगो, मामंजी आले!" त्या दिवसापासून मी या घरची.

यंदा गौरी महिन्यावर आल्या. जगले तरी टाके असणार, ओरडता यायचं नाय. म्हणून डरकाळी सानवीला. अडचण अशी, की सानवी सहा वर्षांची आहे आणि ते करवंट्यांचे डोळे दिसले की माझ्या पदरात शिरते. मी नसले तर कोणाच्या पदरात शिरणार, हीच माझी खरी भीती. तिला कोणी भित्री म्हणू नये. आधी घड्याळ दाखवा. मग पदराचं दाखवा. असला राक्षस कोणाचं काय वाकडं करणार, हे तिचं तिला कळू दे.

५) आमचे हे लोटे एमआयडीसीत कंपनीत कामाला, आठवड्याने घरी येतात. यांनी दुसरं लग्न करावं. मुलगी बघायला जाताना पेनड्राइव्ह न्यावा. घड्याळ बघून हसली तर चालेल. पदराच्या वेळी हसायची थांबली तर लगेच होकार द्यावा. "किती खोटं आहे" म्हणाली तर चहा पिऊन निघून यावं.

६) वरचं सगळं आत्ता सर्वांना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "काय गो बाय, बाळंतपणाला चाललीस की लढाईवर?" हे म्हणाले, "पाच नंबर आधी खोड." मी खोडणार नाय.

तेवढ्यात कॉटखालून सानवी आली. स्वयंपाकघरातल्या दोन करवंट्या डोळ्यांना लावलेल्या. अशी ओरडली, की साक्षीला आलेल्या शेजारच्या लवूकाकांच्या हातातला चहा सांडला. खालचा डाग त्याचा आहे, कोणी खाडाखोड समजू नये. मग करवंट्या खाली करून तिनं मला विचारलं, "आई, झालं का?"

तेव्हा साडीचा नियम इथेही लागू. जिवंतपणी हाताने दिलेली वस्तू या कागदात येत नाय. डरकाळी दिली. कलम ४ रद्द.

"झालं का?" हे मात्र मी कोणाला देत नाय. मंगळवारी शुद्धीवर आले की ते मला लागणार आहे.

सही: निशिगंधा गुरुप्रसाद पालशेतकर

साक्षीदार:
१) सगुणा शिवा भुवड, आशा सेविका (साडी मिळाली)
२) लवू रावजी जाधव, शेजारी (चहा दुसरा मिळाला)

ठिकाण: आमची पडवी, दाभोळ
तारीख: ३ ऑगस्ट २०२५, रविवार