वल्लीमामींचं कोरं दार

सिल्वासा, १८ नोव्हेंबर १९८९

शाळेतून आले तर मद्रासचं कार्ड पडलेलं. तिरुवान्मियूरच्या आमच्या शेजारीण वल्लीमामी, त्यांच्या मुलीचं. इंग्रजीत एकच ओळ: आठ दिवस आमच्या दारात कोलम नाही.

मला एवढं पुरेल हे तिला ठाऊक.

ह्यांच्या नोकरीपायी तिथे गेलो तेव्हा तीन दिवस मी सामानच लावत होते. दारात रांगोळी कुठली! मामी सांबारभात घेऊन आल्या आणि माझा हात धरून रडायलाच लागल्या. कोण गेलं म्हणे! तिकडे दार कोरं म्हणजे घरात सुतक. मला मेलीला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, शिकवली. समुद्राचा वारा नऊपर्यंत ती उडवून न्यायचा. मी चिडले की मोडक्या हिंदीत म्हणायच्या, "जाने दो, कल फिर."

पोंगलला येते म्हणाले होते मी. का नाही गेले?

इथे तसला वारा नाही. सकाळची रांगोळी संध्याकाळीही जशीच्या तशी होती. ओल्या फडक्याने पुसली.

हे मसाटहून, कारखान्यातून आले. दाराशी थबकले, खाली बघत राहिले. मी काही सांगायच्या आत म्हणाले, "मामी?"