फेंडरची मुरड

आई,

त्या चार चाकांना खरं किती पडलं ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. कुर्ल्याच्या भंगारवाल्याला दिलेले पैसे तुला सांगितल्याच्या दुप्पट होते. ते तू तेव्हाच ओळखलं असणार. त्यावर एक नवा टायर कापला गेला, मागच्या डाव्या फेंडरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, रंग गेला, आणि मामाने साहेबाकडे शब्द टाकून ठेवलेली ऑफिसातली नोकरी लटकून राहिली. तुला टायरचं काही वाटलं नाही. नोकरीचं लागलं.

आपल्या लालबागच्या चाळीच्या पटांगणात ती जुनी जपानी गाडी उभी राहिली तेव्हा सगळी चाळ बघायला आली होती. चार दारांची, रंग उडालेली, पण इंजिन असं की पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. मी ती स्प्रिंगा बदलून खाली बसवली आणि मूळच्यापेक्षा रुंद चाकं घातली. चाक फेंडरच्या अगदी कडेला आलं पाहिजे, एका रेषेत, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात. ऑफिसात चिकटायचं नाही, लोकांच्या गाड्यांना अशी चाकं बसवायची, हाच धंदा करायचा, हे मी तुला त्या दिवाळीत सांगितलं, आणि मावशीकडे फराळ पोचवायला गिरगावपर्यंत त्याच गाडीतून नेलं. तू पुढच्या सीटवर, मांडीवर करंज्यांचा डबा. प्रत्येक खड्ड्याला मागून खर्रर्र. मी टेप मोठा केला.

"टेप बंद कर," तू म्हणालीस. कान देऊन ऐकलंस. "झिला, ह्या खंय घासता?"

"थोडं घासतंच गं. लूक आहे तो."

"लूक? बैलगाडी पण अशी बोंबलत नाय."

मावशीच्या दारात उतरलीस आणि तिच्यासमोरच मला सुनावलंस. "मी टॅक्सीन परत जातंय. माका एकदा न घासता हय आणून दाखव. दाखवलंस तर कर तुझो धंदो. नाय तर पुढच्या महिन्यापासून मामाच्या ऑफिसात." मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र हसलो नाही, कारण तू बोललेलं मागे घेत नाहीस हे सगळ्या चाळीला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी तू हात पुसत खाली आलीस, वाकून फेंडरच्या आतून बोट फिरवलंस. आत पत्र्याची एक कड उभी असते, गाडी खाली दबली की टायर तिच्यावरच घासतो. "कड उभी ठेवलंस," तू म्हणालीस, "मुरड घालूक नाय." बाकीच्या बायका करंज्यांची कड कातण्याने कापून मोकळ्या व्हायच्या. तू एकेक करंजी हातात घेऊन अंगठ्याने मुरड घालायचीस, कारण कापलेली कड तळणीत उघडते आणि सारण तेलात जातं. मी हातोडी घेतली आणि कड आत ठोकली. रंगाचे पापुद्रे खाली. तू वैतागलीस. "सुक्या पिठाक मुरड घातलंस तर ती चिरतलीच. ओल्या फडक्याखाली कित्याक ठेवतत पीठ?" पत्र्याला ओलं फडकं कसलं, म्हणून मी सायनबोर्डवाल्याची गरम हवा फेकणारी हीट गन मागून आणली. रंग गरम झाला की तोही नरम पडतो. मग तू घरातलं जुनं जाड लाटणं आणून माझ्या हातात दिलंस. "ह्या घे. परत सैपाकघरात आणू नको."

टायर आणि फेंडरच्या मधे लाटणं धरायचं, एका मित्राने गाडी हळूहळू पुढेमागे ढकलायची, लाटणं फिरतं तशी कड आत वळते. तू ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतीस आणि अधूनमधून ओरडत होतीस, "दामटू नको! थोडी थोडी घे!"

मग तो दुसरा फेरा. भायखळ्याच्या पुलावरचे सांधे, जेजेचं वळण, पुढचे सगळे खड्डे. मी चारही कोपऱ्यांना कान लावून चालवतोय. एकही आवाज नाही. पुलावर तुझ्याकडे बघितलं तर डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले. मी खूश. गिरगावात दार उघडलं तेव्हा तू डोळे उघडलेस. "बरी चलली. झोप लागली माका. कर तुझो धंदो." तू जिने चढून गेलीस आणि मी गल्लीतल्या पोरांना फेंडर दाखवत खाली थांबलो.

आता रे रोडला माझं दुकान आहे. कड वळवायला चाकाच्या जागी हबवर बोल्टाने बसणारं यंत्र आलंय. दादरची, वरळीची पोरं येतात, "काका, चाक फेंडरला एकदम फ्लश पाहिजे" म्हणतात. गाडी गल्लीत वळली की मी आतूनच सांगतो, मागचं डावं घासतंय. आणि चहा येईपर्यंत प्रत्येकाला ऐकवतो, की माझी पहिली गाडी अशी बसली होती की माझी आई लालबाग ते गिरगाव गाढ झोपली.

परवा मावशीकडे गेलो होतो. वय झालंय, पण जीभ तशीच. दुकानाचं बोलणं निघालं आणि मी तिलाही तुझ्या झोपेची गोष्ट सांगितली. ती एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

"झोपली कसली रे! वर आली ती थेट माझ्या मोरीत. ओकून ओकून अर्धी झाली. मला म्हणते, झिलाक सांगू नको, त्याच्या धंद्याचो प्रश्न आसा."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहायला सोपं. काल एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यालाही मी झोपेचीच गोष्ट सांगितली. सांगताना जरा अडखळलो, पण सांगितली.

तुला गाडी लागायची, आई. कुठलीही. टॅक्सीसुद्धा.